जुन्या वेब्लीचा उडालेला रंग: कोल्ड ब्ल्यू घ्यावा की गंजवून काळं करावं?

वेब्ली म्हणजे बर्मिंगहॅमच्या कंपनीचं छरे मारायचं एअर पिस्तूल. आधी एक अट. पिस्तूल सीनियर किंवा प्रीमियर या मॉडेलांसारखं पोलादी असेल तरच पुढचं उपयोगाचं. १९७९ मध्ये आलेल्या टेम्पेस्ट मॉडेलचा सांगाडा मिश्रधातूचा आणि वरून रंगवलेला असतो. त्यावर या दोन्हींतलं काही चढत नाही, त्याला सरळ चांगला स्प्रे पेंट मारावा. आणि मूळचा निळसर काळा रंग निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर तेलाचा हात फिरवून गप्प बसलेलं बरं. जुन्या वस्तूंचे शौकीन मूळच्या झिजेलाच पैसे मोजतात.

बाकीच्यांसाठी घरी जमतील असे दोन मार्ग आहेत. एक बाटलीतला कोल्ड ब्ल्यू, म्हणजे पोलाद न तापवता काळं करणारं रसायन, आणि दुसरा रस्ट ब्ल्यू, म्हणजे पोलाद मुद्दाम गंजवायचं आणि तो गंज उकळून काळा करायचा. कारखान्यातला हॉट ब्ल्यू मी धरतच नाही. कॉस्टिक आणि नायट्रेटचं १४० अंशांच्या आसपास तापलेलं द्रावण फ्लॅटच्या गॅलरीत कोण ठेवणार? पावडर कोटिंग आपल्या सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीच्या भागात करून मिळेल, पण त्या जाड थराखाली बर्मिंगहॅमची अक्षरं बुजतात आणि बॅरल बसायची जागा घट्ट होते.

पूर्वतयारी दोन्हीकडे सारखीच. स्प्रिंगचा ताण काढायचा, बेकेलाइटच्या मुठी उतरवायच्या आणि पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून हाताने घासायचं. भांडी चमकवणाऱ्या बफवर देऊ नका, कडा गोल होतात आणि कोरलेली अक्षरं पुसट होतात. मग ॲसिटोनने पुसायचं आणि त्यानंतर उघडा हात लावायचा नाही.

कोल्ड ब्ल्यूची सोय मोठी आहे. एका संध्याकाळी काम उरकतं. हातमोजे घालायचे, खिडकी उघडी ठेवायची (त्यात सेलेनियमचं संयुग असतं, ते अंगावर घेण्यासारखं नाही), बोळ्याने लावायचं, पाण्याने थांबवायचं, तेल द्यायचं. ट्यूबलाइटखाली पहिल्या दिवशी असं दिसतं की पाहणाऱ्याला वाटावं, कशाला हवी दुसरी खटपट?

पण वेब्लीची रचना आठवा. हिची बॅरल हीच कॉकिंगची दांडी. मागची खिट्टी सोडायची, बॅरलचं मागचं टोक मुठीत धरायचं आणि वर उचलून पुढे फिरवायचं. दर छऱ्यामागे तळहात त्याच दोन-तीन इंचांवर दाबून घासला जातो. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर, हाताला घाम ठरलेला. कोल्ड ब्ल्यूचा थर पातळ, तो नेमका तिथेच आधी तपकिरी होतो, मग पांढरा पडतो. बाकी पिस्तूल ठीक आणि धरायच्या जागी टक्कल! पुन्हा लावलं की जुन्या-नव्या रंगाची सीमा दिसते, म्हणून मग सगळी बॅरल परत घासायची. मला वैताग आला तो याचा. रंग थोडा फिका असता तर चाललं असतं, पण दर काही आठवड्यांनी तेच ठिगळ कोण लावणार? शिवाय हाताला येणारा तो धातूचा वास साबणानेही लवकर जात नाही.

रस्ट ब्ल्यूला चिकाटी लागते. सौम्य आम्लाचं द्रावण अगदी पातळ लावायचं, ओलसर जागेत टांगून ठेवायचं आणि तांबूस गंजाची साय धरली की उकळायचं. उकळत्या पाण्यात लाल गंजाचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं. वर आलेली मखमल तेल काढलेल्या बारीक स्टील वूलने हलकेच उतरवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पाच-सहा फेऱ्यांनंतर खरा रंग दिसू लागतो. बॅरलच्या दोन्ही तोंडांना लाकडी गुडद्या ठोकायला विसरू नका, नाहीतर आतल्या आट्याही गंजतील.

सोलापुरात यातल्या दोन गोष्टी अडतात. पहिली हवा. आपल्याकडचा उन्हाळा इतका कोरडा की गंज धरतच नाही. थर्माकोलच्या खोक्यात ओली चादर घालून दमटपणा करता येतो, पण मला विचाराल तर सप्टेंबरपर्यंत थांबावं, आपला खरा पाऊस तेव्हाच. दुसरी अडचण पाण्याची. नळाला काही दिवसांआड येणारं पाणी यात घालवायचं म्हटलं तर घरचे आधी ओरडतील, आणि बोअरचं पाणी इतकं जड की पोलादावर पांढरे डाग उठतात. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर आणा. रायफलीला लांबलचक टाकी लागते, पिस्तुलाच्या बॅरलला मात्र एक जुनं पातेलं पुरतं. ते पातेलं परत स्वयंपाकघरात नेऊ नका, एवढंच.

चकाकी कमी येते हे कबूल. रंग थोडा मऊ, राखेकडे झुकणारा दिसतो, आणि मूळचा आरशासारखा निळा हवा असलेल्यांना तो पटणार नाही. पण पक्क्या रंगाची चादर धुतली म्हणून उतरत नाही, तसा हा मुठीखाली टिकतो. माझ्या सीनियरवर धरायच्या जागी अजून पोलाद उघडं पडलेलं नाही. मोजमाप मी केलेलं नाही, पण कॉक करताना आता तिकडे लक्ष जात नाही, हे मला पुरे आहे.

तुमचं पिस्तूल कपाटात ठेवायचं असेल, महिन्या-दोन महिन्यांनी चार छरे मारायचे असतील, तर कोल्ड ब्ल्यूला नाव ठेवायचं कारण नाही. रोज संध्याकाळी निशाण्याचं कार्ड लावून बसणार असाल तर मी पातेलंच चढवीन. तरीही एक छोटी बाटली घेऊन ठेवा. स्क्रूंची डोकी आणि ट्रिगरची पिन यांना हात फारसा लागत नाही, त्यांच्यासाठी पाच फेऱ्यांचा उपद्व्याप कशाला?