तारखा खऱ्या होत्या, नोकरी खोटी

गोव्यात इंग्लंडला जायचं म्हटलं की आधी पोर्तुगीज पासपोर्टचा विषय निघतो. 19 डिसेंबर 1961 पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना तो मिळवता येतो. आमच्या ह्यांचे आजोबा बांद्याचे, म्हणजे पत्रादेवीच्या हद्दीपलीकडचे, महाराष्ट्रातले. थोडक्यात हुकलं, असं सासूबाई म्हणायच्या. (ब्रेक्झिटनंतर त्या पासपोर्टवरही इंग्लंडात थेट जाऊन राहता येत नाही, पण ते कोण ऐकतो!)

मी म्हापशात एका खासगी इस्पितळात नर्स आहे. हे कळंगुटला हॉटेलच्या किचनमध्ये, पावसाळ्यात अर्ध्या पगारावर. मुलगी तेव्हा दुसरीत, मुलगा तीन वर्षांचा. जानेवारी 2024 मध्ये आमच्याच एका ओळखीच्या सिस्टरने एजंटचा नंबर दिला. वृद्धांची काळजी घेण्याची नोकरी, तीन वर्षांचा व्हिसा, नवरा आणि मुलं सोबत.

त्याचं ऑफिस नीटनेटकं होतं. बोलणं त्याहून. "ताई, 11 मार्चपासून केअर वर्करना मुलं नेता येणार नाहीत. आणि तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचा हेल्थ सरचार्ज 6 फेब्रुवारीला वाढतोय, मुलामागे वर्षाला 470 पौंडांचे 776 होणार. आत्ता भरलं तर वाचाल."

घरी येऊन आम्ही इंटरनेटवर पाहिलं. दोन्ही तारखा खऱ्या, आकडेही खरे. तिथेच आम्ही फसलो. ज्याचं इतकं खरं निघतं, त्याचं बाकीचं कशाला तपासायचं, असं वाटलं.

मोठ्यांचा सरचार्ज कंपनी भरणार, मुलांचा तुमचा, असं त्याने सांगितलं. दोघांचे तीन वर्षांचे 2,820 पौंड, तेव्हाच्या भावाने जवळपास 3 लाख रुपये. शिवाय "फाइलचे" 2 लाख 75 हजार, त्यातले सव्वा लाख रोख. पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या, उरलेले दिरांकडून घेतले. पावतीवर फक्त "सल्ला शुल्क" लिहिलेलं. मी विचारलं, तर म्हणाला, "जीएसटीचं असतं ते." मी मान डोलावली. मला जीएसटीतलं काय कळतं?

खरी गोष्ट अशी, की हेल्थ अँड केअर व्हिसावर जाणाऱ्याला आणि त्याच्या कुटुंबाला तो सरचार्ज लागतच नाही. पूर्ण माफ आहे. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर साध्या इंग्रजीत लिहिलंय. आम्ही रक्कम वाचली, ती कुणाला लागू होते ते वाचलं नाही.

खटकायला हवं होतं असं आणखीही होतं. इंग्रजीच्या परीक्षेचं त्याने नाव काढलं नाही, "दहावीचे मार्क पुरे" म्हणाला. बँकेचं स्टेटमेंट मागितलं नाही. वास्तविक कंपनीने खर्चाची लेखी हमी दिली नसेल, तर आमच्यासारख्या चौघांसाठी तेव्हा 2,070 पौंड 28 दिवस खात्यात पडून असावे लागत. बजेट तंग असलेल्या माणसाला हे न सांगणारा एजंट किती सोयीचा वाटतो!

फेब्रुवारीत स्पॉन्सरशिपचं, म्हणजे कंपनी नोकरीवर बोलावतेय याचं, "सर्टिफिकेट" आलं. जाड कागद, शिक्का, सही. आता कळलं, की ते कागदी प्रमाणपत्र नसतंच, संगणकावरची नोंद असते आणि तिचा एक क्रमांक. कंपनीचं नाव मात्र खरं. परवानाधारक स्पॉन्सरच्या सरकारी यादीत ते सापडलं म्हणून आम्ही निर्धास्त झालो. ईमेल जीमेलवरून येत होते, तिकडे लक्षच गेलं नाही.

मार्चची 11 तारीख गेली. एजंट म्हणाला, "तुम्ही एकट्या जा, मुलं सहा महिन्यांनी मागवू." आता हा नियम मला त्यानेच शिकवला होता! त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या नंबरावर फोन लावला. बाई शांतपणे म्हणाल्या, आम्ही भारतातून कुणालाच घेत नाही आहोत, असा फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही.

तोवर मुलीचा शाळेचा दाखला काढून झाला होता. तिने वर्गात चॉकलेटं वाटली होती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दोन स्वेटर आणले होते, गोव्याच्या उन्हात ती ते घालून आरशासमोर उभी राहायची.

आम्ही एजंटच्या मागे फिरण्यात दोन महिने घालवले. ही दुसरी चूक. पैसे ऑनलाइन गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवलं तर ते अडवता येण्याची शक्यता असते. आम्ही मे महिन्यात गेलो, तोवर त्याचं खातं रिकामं. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याची 1983 च्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि त्याला सेवाशुल्क 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, हे पोलीस ठाण्यात कळलं. नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. ह्याची नव्हती.

आतापर्यंत 80 हजार परत मिळालेत. पाटल्या अजून पतसंस्थेत आहेत. जूनमध्ये दाखला घेऊन शाळेत गेले तेव्हा बाईंनी काही विचारलं नाही, जुनं रजिस्टर उघडून मुलीचं नाव पुन्हा लिहिलं. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "आई, चॉकलेटं परत मागायची का?"