फ्रेमवाल्याकडे दोन रेट, पेंटिंगचा वेगळा आणि भरतकामाचा वेगळा (म्हापसा)

मावशीने भरलेलं कवळ्याचं शांतादुर्गेचं देऊळ म्हापशाला मार्केटजवळच्या एका दुकानात फ्रेम करायला दिलं होतं त्याचा हा रिव्ह्यू. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण निम्मी तक्रारच आहे आणि माणूस तसा चांगला आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. दीड फूट बाय एक फूट, साधं पांढरं कापड, अँकर कंपनीच्या दोऱ्याच्या लडी. कौलं लांब-आखूड टाक्यात, दीपस्तंभाचे मजले काज टाक्यात, दिव्यांच्या जागी बारीक गाठी आणि तळीचं पाणी म्हणजे एका पदराने नुसता धावदोरा, तोही मध्येमध्ये सोडलेला, म्हणून ते पाणी हलतंय असं वाटतं. लडीत सहा पदर असतात ते सोडवून ती हवे तेवढेच सुईत ओवायची. दोन पावसाळे लागले.

तर काउंटरवर रेटचा कागद चिकटवलाय, पेंटिंग, फोटो, हातकाम. हातकामाचा रेट पेंटिंगच्या निम्मा! मी खुश, म्हटलं वाचले पैसे. मग सहज विचारलं फरक काय, तर पेंटिंगला चांगला बोर्ड, काचेपासून अंतर, मागून नीट सील, आणि हातकाम प्लायवूडवर गोंदाने चिकटवून वरून काच दाबायची, झालं. मी म्हटलं अहो चिकटवता काय, तर म्हणाला, "बाये, हें पेंटिंग न्हय मगो, हें शिवणकाम."

आमच्याकडे असाच चिकटवलेला एक मोर आहे, बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या दुकानात केलेला. गोंद कापडातून वर येऊन तपकिरी डाग पडलेत, आणि दोरे काचेला टेकलेले त्यामुळे आपल्या गोव्याच्या पावसात आतून बुरशी. म्हणून मी अडूनच बसले. पेंटिंगचा रेट देते पण गोंदाचा थेंब नको, कापड ॲसिड-फ्री बोर्डवर (म्हणजे ज्याने कापड पिवळं पडत नाही असा पुठ्ठा) ताणून मागून दोऱ्याने उभं-आडवं ओवून घ्यायचं आणि काच टाक्यांपासून पाव इंच तरी लांब. त्याने हे कधी केलं नव्हतं पण ऐकून घेतलं, बोर्ड पणजीहून मागवला आणि ओवायचं काम मलाच स्टुलावर बसवून करायला लावलं!! पैसे मात्र पूर्ण घेतले. फ्रेम सुबक झालीय हे मान्य, कळस अगदी सरळ आलाय, कोपरे घट्ट. पाचपैकी साडेतीन. शुक्रवारी जाऊ नका, बाजारामुळे पार्किंग मिळत नाही.

आता तो कागद. त्याला एकट्याला दोष देऊन काय उपयोग, लंडनची रॉयल अकॅडमी ही चित्रकार-शिल्पकारांची संस्था 1768 ला सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत त्यांनी प्रदर्शनात सुईकाम घ्यायचं नाही असा नियम केला, शिंपल्यांच्या आणि कागदाच्या कामाबरोबर. पणजीत सेरेंडिपिटी हा कला महोत्सव भरतो तिथेसुद्धा क्राफ्टचा विभाग वेगळा. आणि ओल्ड गोव्याला सांता मोनिकाच्या कॉन्व्हेंटमध्ये ख्रिश्चन आर्टचं म्युझियम आहे तिथे जाऊन बघा, पाद्र्यांचे भरतकाम केलेले झगे मूर्ती आणि चित्रांच्या पंगतीला. सुई-दोरा तोच ना? चर्चसाठी भरलं की आर्ट आणि मावशीने भरलं की हातकाम.

पण सगळंच भरतकाम कला आहे असं मी पण म्हणणार नाही हं. मी स्वतः फुली टाक्याचा गणपती केलाय, किट आणून, इंचाला 14 घरं, चार्टवर लिहिलंय तो नंबरचा रंग त्या घरात. छान दिसतो, पण त्यात माझं डोकं शून्य, चिकाटी तेवढी माझी. मावशीकडे चार्ट नव्हताच. दीपस्तंभ अर्धा भरून झाल्यावर तिने उसवला आणि डावीकडे सरकवला, म्हणे आभाळ मोकळं पडलं होतं. बघून ठरवणं म्हणजे दुसरं काय असतं? पण गोंद माझ्या गणपतीलाही लावू देणार नाही.

मावशीला हे सगळं सांगितलं तर म्हणे, "कला-बिला काय नाय गो, दुपारची झोप यायची नाही म्हणून भरत बसायचे." आणि फ्रेम हातात घेतल्या घेतल्या तिने काय केलं असेल तर उलटी केली! भरतकाम करणाऱ्या बायका पहिल्यांदा मागचीच बाजू बघतात, गाठी किती, दोरे कुठून कुठे ओढलेत ते. मागे ब्राऊन पेपर सील केलेला. तिचा चेहराच पडला. म्हणाली, "दोन वर्षं मागची बाजू सुद्धा साफ ठेवली ती कोणाला दिसणार आता?"

दुकानात फोन केला. बोर्ड मधून कापून मागेही काच बसवून देतो म्हणाला, चारशे जास्त, पण चतुर्थीनंतर, आत्ता गणपतीच्या फोटोंची गर्दी आहे. आणि कापड परत ओवायला मीच यायचं.