रोममधल्या पायी आणि भुयारी सहली : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

नवऱ्याच्या कामानिमित्त आठ महिने रोममध्ये राहिले. तेवढ्यात गाइडबरोबर सात सहली झाल्या, काही एकटीने, काही आई आली होती तेव्हा तिच्यासोबत. माझं मत आधीच सांगते. जिथे उभं काही उरलेलं नाही किंवा जे जमिनीखाली आहे, तिथे गाइडवर जरूर पैसे खर्च करा. जे डोळ्यांना सरळ दिसतं, ते आपलं आपण निवांत बघावं.

फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, मी दोनदा केलं. पहिल्या वेळी तीसेक जणांचा ग्रुप होता. गाइड छत्री उंच धरून पुढे पळत होती, कानातलं यंत्र दर दोन मिनिटांनी खरखरत होतं आणि मला सगळीकडे नुसते तुटके खांब दिसले. दुसऱ्या वेळी आम्ही सहा जण होतो आणि गाइड परवानाधारक, वयस्कर गृहस्थ. बॅसिलिका एमिलिया या जुन्या सार्वजनिक सभागृहापाशी त्यांनी कठड्याजवळ थांबवून सांगितलं, “फरशी बघा.” संगमरवरावर हिरवट ठिपके होते. इथे सावकार-सराफ बसायचे. इमारतीला आग लागली तेव्हा खाली पडलेली नाणी वितळून दगडात मुरली, ते हे डाग. आग 410 साली गॉथ टोळ्यांनी शहर लुटलं त्या वेळची मानतात. मी बराच वेळ तिथून हलले नाही. आदल्या महिन्यात त्याच जागेवरून मी चालत गेले होते आणि मला काहीही दिसलं नव्हतं.

त्यांनीच पुढे मॅक्सेन्शियसच्या बॅसिलिकापाशी सांगितलं की तिच्याखाली मिरीची कोठारं होती, सम्राट डोमिशियनने बांधलेली, आणि मिरी यायची ती भारतातून. मग त्याच व्यापाराची खूण म्हणून मी त्यांना आमच्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममधला ग्रीक समुद्रदेव पोसायडन सांगितला. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली ती वीतभर काशाची मूर्ती शाळेच्या सहलीत पाहिलेली होती. त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी वही काढून ‘कोल्हापूर’ लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारून.

कोलोसियमच्या बाबतीत मात्र फसगत झाली. एका मध्यस्थ साइटवरून ‘भुयारासह’ असं लिहिलेली सहल घेतली. प्रत्यक्षात तिकीट फक्त रिंगणाच्या पातळीचं निघालं. तळघर वरून वाकून बघायचं, बस. तक्रार केली, पैसे परत मिळाले नाहीत. नंतर अधिकृत संकेतस्थळावरून तळघराचं तिकीट मिळवायला तीन आठवडे रोज प्रयत्न करावे लागले, पण ती खटपट सार्थकी लागली. कोलोसियम 80 साली सुरू झालं, तळघर त्यानंतर डोमिशियनच्या काळात झालं. अरुंद, अंधारे बोळ आहेत. गुलाम रहाट फिरवायचे आणि जनावरांचे पिंजरे दोरांवरून वर जायचे. तसा एक लाकडी पाळणा आता पुन्हा बनवून बसवला आहे. त्याच्याशेजारी उभं राहून वर आभाळाकडे बघितल्यावर पोटात कालवलं. वर पन्नास हजार माणसं ओरडत असताना इथल्या जिवांचं काय होत असेल! तिकीट घेताना त्यावर भुयाराचा स्पष्ट उल्लेख आहे ना, हे वाचा. नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा, दारावर तपासतात.

आपिया रस्त्यावरच्या सान कॅलिस्टोच्या कॅटॅकोम्बसाठी (भुयारी दफनभूमीसाठी) वेगळी महागडी सहल घ्यायची गरज नाही. आत गाइडशिवाय सोडतच नाहीत आणि तो तिथल्या तिकिटातच येतो. 118 नंबरची बस जाते. फोटो काढायला मनाई आहे, ते मला बरंच वाटलं. मऊ टफ दगडात सुमारे 20 किलोमीटरची भुयारं, दोन्ही अंगांना फडताळांसारखी थडगी, त्यांतली कितीतरी हातभर लांबीची. ती लहान मुलांची. आमच्या गाइडने दे रोस्सी या पुरातत्त्वज्ञाची गोष्ट सांगितली. 1849 मध्ये त्याला द्राक्षमळ्यात संगमरवराचा एक तुकडा मिळाला, त्यावर अर्धवट नाव. तीन वर्षांनी भुयारात उरलेला अर्धा सापडला आणि पोप कॉर्नेलियसची कबर ठरली.

पण सगळ्यांत जवळची वाटली ती सान क्लेमेन्ते. बाराव्या शतकातलं चर्च, त्याच्याखाली चौथ्या शतकातलं, त्याहून खाली पहिल्या शतकातली घरं आणि मिथ्र देवाचं ठाणं. 1857 पासून जोसेफ मलुली या आयरिश पाद्रीने हे खणायला घेतलं. आईचे गुडघे दुखतात, तरी ती एकेक पायरी बसत-उठत खाली आली. तळाच्या मजल्यावर गाइड बोलायची थांबली आणि तिने नुसती बोटाने ‘ऐका’ अशी खूण केली. भिंतीपलीकडून पाणी वाहत होतं, जोरात. आईने ओल्या विटांवर हात ठेवला आणि म्हणाली, “जिवंत झरा आहे गं इथं.” नंतर वर येईपर्यंत ती कुणाशी बोलली नाही.

नीरोच्या सोनेरी महालात, दोमुस आउरेआत, आम्ही थोडक्यात आटोपलं. पुढे सम्राट ट्रेजनने त्यावर स्नानगृहं बांधताना खोल्या मातीने भरल्या, म्हणून रंगीत छतं टिकली. बघण्यासारखं आहे, पण आत गारठा फार. जूनमध्येही आईला शाल लागली.

बूट जाड तळव्याचे घ्या, जुने रस्ते आपल्याकडच्यासारख्याच काळ्या पाषाणाचे आहेत आणि झिजून घसरडे झालेत. प्यायचं पाणी विकत घेऊ नका, रस्तोरस्ती नळ वाहतात, बाटली जवळ ठेवा. ज्येष्ठांना नेणार असाल तर बुकिंगआधी पायऱ्या किती आणि मध्ये टेकायला जागा आहे का, हे फोन करून विचारा. सान क्लेमेन्तेत आईला टेकायला एक दगडी कट्टा मिळाला, म्हणून निभावलं.