गेटवे ते अलिबाग, एकाच तिकिटात

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत विदर्भातून, मराठवाड्यातून मुंबईला नातेवाइकांकडे उतरणाऱ्या मंडळींची राणीची बाग, सिद्धिविनायक आणि मरीन ड्राइव्ह पाहून झाली, की एक दिवस शहराबाहेर कुठे तरी जाऊन रात्री मुक्कामाला परत यावे, असा विषय घरात हमखास निघतो. बहुतेक यजमान अशा वेळी भाड्याची गाडी ठरवतात आणि दिवसातला मोठा हिस्सा रस्त्यावर घालवून पाहुण्यांना दमवून परत आणतात. आमच्या गिरगावातल्या घरी अशा पाहुण्यांचा राबता वर्षानुवर्षे आहे, आणि त्या अनुभवावरून मी ठामपणे सांगू शकतो, की मुंबईत राहून एका दिवसात करायच्या सहलींमध्ये गेटवे ऑफ इंडियावरून मांडव्याला जाणारी बोट आणि तिच्याच तिकिटात मिळणारी अलिबागची बस यांची जोडी सर्वांत उपयोगी आहे. तिच्यात उणिवा आहेत, त्याही पुढे लिहितो. पण आधी तिचे काम कसे चालते ते पाहू.

गेटवेच्या आवारातच खिडकीवर तिकीट मिळते. ही सेवा एकापेक्षा अधिक कंपन्या चालवतात. कॅटामरानने, म्हणजे जोड सांगाड्याच्या वेगवान बोटीने, पाऊण ते एक तासात मांडवा येते, साध्या लाँचला थोडा अधिक वेळ लागतो. मांडव्याच्या लांबलचक जेट्टीवरून बाहेर आले, की त्याच कंपनीची बस उभी असते आणि साधारण वीस किलोमीटरचे अंतर कापून ती अलिबागला सोडते. वेगळे भाडे नाही आणि रिक्षावाल्याशी घासाघीसही नाही. घरातून निघाल्यापासून अडीच तासांच्या आत आपण अलिबागच्या समुद्रकिनाऱ्यावर असतो. रस्त्याने हेच अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास पडते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून शिवडीहून पलीकडे जाणे सोपे झाले आहे हे खरे, पण पुढे वडखळ नाक्यापासून अलिबागपर्यंतचा रस्ता सुटीच्या दिवशी तुंबतो तो तुंबतोच. एक दिवसाच्या सहलीत परतीच्या वेळेचा भरवसा सर्वांत महत्त्वाचा असतो, आणि तो रस्त्यापेक्षा पाण्यावर अधिक मिळतो.

या सेवेची सर्वांत कच्ची बाजू म्हणजे गेटवेवरचे चढणे-उतरणे. धक्क्याच्या दगडी पायऱ्या ओहोटीच्या वेळी शेवाळलेल्या आणि निसरड्या असतात, बोट लाटांवर वरखाली होत असते, आणि गर्दीच्या वेळी दोन-तीन लाँच एकमेकींना खेटून लावलेल्या असल्या, तर पहिल्या लाँचच्या कठड्यावरून पाय टाकून दुसरीवर जावे लागते. खलाशी हात देतात, अगदी आपुलकीने देतात. पण गुडघे दुखणाऱ्या आजीला किंवा कडेवर मूल असलेल्या आईला तेवढ्याने धीर येत नाही. जगभरातले प्रवासी जिथे येतात, तिथे एक सपाट तरंगता धक्का असू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते. माझ्या घरच्या ज्येष्ठांना घेऊन जाताना आम्ही सकाळची लवकरची बोट धरतो, कारण तेव्हा गर्दी कमी असते आणि खलाशांना एकेका माणसाकडे लक्ष देता येते.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. जॅकेट आहे का, एवढे पाहून थांबू नये. लहान मुलांच्या मापाचे आहे का, त्याचे पट्टे आणि बक्कल धड आहेत का, हे सुटण्यापूर्वी पाहावे, आणि उकाड्याचा विचार न करता ते पूर्ण प्रवासभर अंगावर ठेवावे. एका बोटीवर जॅकेटांचा ढीग बाकाखाली दोरीने बांधून ठेवलेला मी पाहिला आहे. तसे दिसले, तर ती सोडायला निःसंकोच सांगावे. सांगितले की देतात.

प्रवास स्वतःच सहलीचा मोठा भाग आहे. खालचा वातानुकूलित मजला थंड असतो, पण ज्यांना बोट लागते त्यांना बंद जागेत अधिक त्रास होतो. अशांनी थोडे जास्त पैसे देऊन वरच्या उघड्या मजल्यावर, शक्यतो मध्यभागी बसावे. गेटवेची कमान मागे पडते, नौदलाच्या गोदीतल्या करड्या युद्धनौका दिसतात, आणि हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचा थवा बोटीबरोबर उडत राहतो. त्यांना शेव-कुरकुरे टाकण्याची पद्धत पडली आहे, ती पक्ष्यांच्या हिताची नाही. मुलांना आधीच समजावून ठेवावे.

आता या सहलीच्या नियोजनातला कळीचा मुद्दा. अलिबागला जायचे ते मुख्यतः कुलाबा किल्ल्यासाठी, आणि तो किल्ला आपल्या सोयीने नव्हे, समुद्राच्या सोयीने पाहावा लागतो. पूर्ण ओहोटीला वाळूतून आणि खडकांवरून चालत जाता येते, भरतीला चारही बाजूंनी पाणी असते. बसमधून उतरल्यावर वेळ विचारण्यापेक्षा घरच्या दिनदर्शिकेवरून ती आदल्या आठवड्यातच काढता येते. कोकण किनाऱ्यावरचे कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत तो हिशेब असा : त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते, आणि तिच्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती आणि सकाळी पावणेदहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, हिशेब तोच. वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते.

या हिशेबातून सहलीचा दिवस आपोआप ठरतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, ओहोटी खूप खोल जाते, पण ती सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते. मुंबईहून निघालेला माणूस पोहोचतो तेव्हा पाणी चढत असते आणि दुपारी किल्ला भर समुद्रात असतो. अष्टमीला ओहोटी नेमकी दुपारी बाराला, म्हणजे वरवर पाहता सर्वांत सोयीची. परंतु तेव्हा भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, पाणी पुरते मागे हटत नाही, आणि चालत जाण्याचा बेत घोडागाडीवर येतो. म्हणून चतुर्थी ते षष्ठी हे दिवस मला सर्वांत योग्य वाटतात. सकाळची पहिली-दुसरी बोट धरली, की साडेनऊ-दहापर्यंत किनारा गाठता येतो, आणि ओहोटीच्या आधी-नंतरचा मिळून पुरेसा वेळ हाताशी राहतो. हा हिशेब दिवस निवडण्यासाठी. प्रत्यक्ष पाण्यात पाय घालण्यापूर्वी मात्र किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारून घ्यावे आणि परतायची वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी.

किल्ल्यात शिरण्याआधी तटाजवळ दोन मिनिटे थांबावे. मोठमोठे दगड एकावर एक नुसते रचलेले आहेत, त्यांच्या सांध्यांत चुना भरलेला नाही. लाट येऊन आदळते, तिचे पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. शिवछत्रपतींनी अखेरच्या काळात या दुर्गाच्या बांधकामाला हात घातला, कान्होजी आंग्र्यांच्या काळात तो आरमाराचे प्रमुख ठाणे झाला, आणि तो तट आजही लाटा झेलतो आहे. आत राघोजी आंग्र्यांच्या काळातले गणेशपंचायतन आहे, चहूबाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे, आणि उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. गावात परतल्यावर कान्होजींच्या समाधीपाशी अवश्य जावे. १७२९ मध्ये त्यांचे निधन झाले. अलिबागची चुंबकीय वेधशाळा बाहेरूनच पाहावी लागते, पण तिची हकिगत मुलांना आवडते. मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार असे ठरल्यावर मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नाजूक नोंदींमध्ये व्यत्यय येणार होता, म्हणून १९०४ मध्ये ती इथे हलवण्यात आली.

जेवणासाठी बाजारपेठेतल्या घरगुती खानावळी उत्तम, विशेषतः तांदळाची भाकरी आणि ताजे मासे. पोपटीची आशा मात्र दिवसाच्या प्रवाशाने धरू नये; वालाच्या शेंगांचे मडके संध्याकाळ उतरल्यावर शेतात लागते, आणि तोवर आपण बोटीत असतो. फेब्रुवारीनंतर गेल्यास रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतात. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा चवीला गोडसर असतो. एक वेणी घेऊनच परतावे.

ज्यांच्याकडे अर्धाच दिवस आहे, त्यांनी घारापुरी निवडावी. लाँच तासाभरात पोहोचवते, धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, आणि मुख्य लेण्यातील त्रिमुख सदाशिवासमोर उभे राहिल्यावर वरच्या शंभराहून अधिक पायऱ्यांचा शीण आठवत नाही. सोमवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवावे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो हत्ती आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. राणीच्या बागेत जाणाऱ्यांनी तो त्याच फेरीत पाहावा.

पावसाळ्यात गेटवे-मांडवा बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यासाठी मार्च २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो सेवा मोठ्या जहाजाची असल्याने पावसाळ्यातही हवामान पाहून चालते, तिच्यात गाडी चढवता येते, आणि जहाजात शिरताना पायऱ्यांची कसरत नसते. चालायला त्रास होणाऱ्या व्यक्तीला न्यायचे असेल, तर मी रो-रोच सुचवेन. बाकीच्यांना गेटवेची बोट स्वस्त पडते आणि चर्चगेट किंवा सीएसएमटीहून जवळही.

शेवटची सूचना परतीची. जाताना तिकीट देणारा माणूस परतीच्या बसची वेळ आपणहून सांगेलच असे नाही. एकदा आम्हाला सांगितली गेली नाही, आणि बोट गाठण्यासाठी अलिबागहून मांडव्यापर्यंत स्वतंत्र रिक्षा करावी लागली. तेव्हा अलिबागला उतरताक्षणी बसच्या थांब्यावरच्या खिडकीवर परतीची वेळ नक्की करून घ्यावी. शनिवार-रविवार टाळता येत नसेल, तर शेवटच्या बोटीच्या आधीची बोट धरावी; शेवटचीला गर्दी इतकी असते, की कुटुंबातल्या सर्वांना एकत्र जागा मिळत नाही.