टाकी फुल की थोडं थोडं? दोन्ही करून बघितलेल्याचा हिशोब

आधीच सांगून टाकतो, मी सहा वर्षं थोडं थोडं टाकणाऱ्यातला होतो आणि गेली चार वर्षं फुल करणाऱ्यातला आहे, तेव्हा हे लिखाण अगदी तराजूत तोललेलं वगैरे असेल अशी अपेक्षा नको. पण गाडी तीच, चालवणारा तोच, रोजचा रस्ताही जवळपास तोच, त्यामुळे एकाच भांड्यातलं पेट्रोल एकाला महाग आणि दुसऱ्याला स्वस्त का पडतं ह्याचा थोडाफार अंदाज मला आलाय असं मला वाटतं. कुणाला पटेल, कुणाला नाही.

थोडं थोडं टाकणाऱ्याची बाजू आधी घेतो कारण ती मला तोंडपाठ आहे. एकदम मोठी रक्कम जात नाही, महिन्याच्या शेवटी खिसा तपासून पंपावर जाता येतं, आणि भाव उतरायला लागले की पुढच्या वेळी त्याचा फायदा मिळतो, फुल करणारा मात्र काल कशाला भरलं म्हणून हळहळत बसतो. अर्थात भाव चढताना हेच उलटं होतं, आणि भाव कधी चढणार कधी उतरणार हे आपल्याला कळत असतं तर आपण पेट्रोलवर कशाला डोकं चालवलं असतं. तो जुना विनोद आहे ना, भाव वाढो की कमी होवो मला फरक पडत नाही, मी आपला ठरलेल्या रकमेचंच टाकतो. मी हसायचो त्यावर, आणि सहा वर्षं करत तेच होतो.

मग वजनाचा मुद्दा. माझा मेहुणा आजही हाच मुद्दा घेऊन भांडतो की फुल टाकी म्हणजे उगाच वजन वाहून न्यायचं. बरोबर आहे त्याचं, फक्त किती ते बघा. पेट्रोल एका लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, म्हणजे ४० लिटर झाले ३० किलो. ते पण सुरुवातीलाच, पुढे संपतच जातं, म्हणजे सरासरी १५ किलो धरा. थोडं थोडं टाकणाऱ्याच्या टाकीतही काहीतरी असतंच, तेव्हा दोघांतला फरक १०-१२ किलोचा. ढोबळ नियम असा की ४५ किलो वजन वाढलं की ॲव्हरेज साधारण एक टक्का पडतं. ह्या हिशोबाने ४० लिटरमागे वाचले जेमतेम १०० मिली. आता तेच ४० लिटर चार वेळा १०-१० करून टाकायचे म्हणजे पंपावर तीन चकरा जास्त, आणि एका चकरेला दोन किलोमीटर जरी वाकडी वाट पडली तरी सहा किलोमीटर, म्हणजे माझ्या गाडीत ४०० मिलीच्या आसपास. वर रांगेत गाडी चालू ठेवली तर ते वेगळंच. पंप जर अगदी तुमच्या वाटेवरच असेल तर हा हिशोब फिरतो हे कबूल, मेहुण्याचा पंप वाटेवरच आहे म्हणून तो एवढ्या जोरात बोलतो. डिकीत दोन वर्षं पडून असलेला पाण्याचा कॅन मात्र त्याला दिसत नाही.

सकाळी थंड वेळी भरलं तर जास्त मिळतं हे दोन्ही पार्टीचे लोक सांगतात, ते जाऊद्या. पेट्रोल एका डिग्रीला साधारण ०.१ टक्का फुगतं हे खरं, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं हलत नाही. मी एक अख्खा उन्हाळा पहाटे उठून भरलंय, झोप गेली एवढंच.

आता ज्या गोष्टीने मला हलवलं ती सांगतो. थोडं थोडं टाकण्यातली सगळ्यात वैतागवाणी गोष्ट पैसे नाही, रांग नाही, तर ही की हिशोबच लागत नाही. आज काटा रिझर्व्हच्या वर होता तेव्हा ठरलेल्या रकमेचं टाकलं, परवा रिझर्व्हला लागल्यावर टाकलं, मधेच भाव बदलला म्हणून तेवढ्याच पैशात लिटर कमी आले, घाईत एकदा निम्मंच टाकलं. महिन्याच्या शेवटी गाडी किती किलोमीटर गेली ते कळतं, पण त्यात पेट्रोल किती जळलं ते कळायला टाकीत आधी किती होतं आणि आता किती उरलंय हे माहीत लागतं, आणि ते सांगणारा कोण तर काटा. काट्यावर भरवसा ठेवायचा म्हणजे अवघडच. टाकीत एक तरंगता फ्लोट असतो त्यावर तो चालतो, टाकीचा आकार कधीच सरळ डब्यासारखा नसतो, वरचा अर्धा भाग निवांत सरकतो आणि खालचा भाग बघता बघता खाली येतो. थोडं थोडं टाकणारा माणूस जन्मभर त्या खालच्या भागातच राहतो. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय असा सगळा कारभार.

तर झालं असं की मला एकदा सारखं वाटायला लागलं की पेट्रोल लवकर संपतंय. आकडा काही हातात नाही, नुसतं वाटतंय. पहिला संशय कुणावर जाणार? पंपावर. हा पंप मारतो म्हणून दुसऱ्या पंपावर गेलो, तिथेही तेच, तिसऱ्यावर गेलो, आणि एव्हाना ऑफिसमध्ये चार लोकांना पहिल्या पंपावर जाऊ नका म्हणून छातीठोकपणे सांगूनही झालं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तीन महिने असेच गेले. शेवटी वैतागून एका रविवारी टाकी फुल केली, ट्रिप मीटर झिरो केलं, आणि पुन्हा फुल करायला गेलो तेव्हा किलोमीटर भागिले लिटर केलं तर १२.९. माझी गाडी आधी १६ च्या आसपास द्यायची असा माझा समज होता. म्हटलं काहीतरी चुकलं असेल, परत केलं, १३.१. परत केलं, १२.८. तीन वेगळ्या पंपांवर तीनदा साधारण तोच आकडा म्हटल्यावर पंप चोर कसा?

गॅरेजवाल्याने गाडी जॅकवर चढवली आणि मागचं डावं चाक हाताने फिरवून बघितलं तर फिरेना. ब्रेक सुटतच नव्हता पूर्ण. वर चारही टायरमध्ये हवा कमी. तो म्हणाला, अहो पंपाला काय नावं ठेवताय, तीन महिने ब्रेक लावून गाडी चालवताय तुम्ही. काम झाल्यावर पुढच्या दोन टाक्यांना १५.७ आणि १५.९. ऑफिसातल्या त्या चौघांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

हा फरक लिटरमध्ये मांडला तेव्हा खरं तर मला जास्त लागलं. १६ च्या गाडीने १३ दिले म्हणजे ४० लिटरमध्ये ६४० च्या जागी ५२० किलोमीटर, म्हणजे दर टाकीला साडेसात लिटर वाया. आणि मी संशय कशावर घेत होतो तर मापावर. पंपाच्या मापासाठी जी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे, ओआयएमएल (कायदेशीर मोजमापांची आंतरराष्ट्रीय संघटना) हिची आर ११७, तिच्यात ०.५ टक्का चूक चालते, म्हणजे ४० लिटरला २०० मिली. आता कुठे कुणी मुद्दाम मारत असेल तर ती गोष्ट निराळी, तसं होत नाही असं मी म्हणणार नाही, पण ते पकडायला सुद्धा आपल्याकडे आपला आकडा पाहिजे ना. नुसतं 'वाटतं' घेऊन भांडायला गेलं तर कोण ऐकून घेणार.

आणि हे फक्त बिघाडापुरतं नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचंच बघा, लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, म्हणून १० टक्के मिश्रणाला ॲव्हरेज ३ टक्क्यांच्या आसपास पडणार हे धरूनच चालायचं. पण तुमचं पडलं १० टक्के, तर ते इथेनॉलमुळे नाही, दुसरं काहीतरी आहे. तसंच जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, इंजिनात वेळेआधी भडका उडू न देण्याचा गुण, त्यामुळे झाकणाच्या आतल्या बाजूला जो आकडा लिहिलाय तेवढा असला की साध्या इंजिनाला वरचे पैसे बहुतेक वायाच. टर्बोवाल्यांनी किंवा ज्यांच्या गाडीला कंपनीनेच वरचं सांगितलंय त्यांनी माझं ऐकू नका. मला स्वतःला ते महाग पेट्रोल टाकलं की गाडी कशी लोण्यासारखी चालल्यासारखी वाटायची, फुल टू फुल सलग चार टाक्या केल्या तेव्हा आकड्यात काही दिसलं नाही आणि मग ते लोणीही वाटेनासं झालं.

फुल करण्यात सगळं गोडच आहे असंही नाही. एक तर एकदम मोठी रक्कम जाते आणि ती खुपते, चार वर्षं झाली तरी खुपते. दुसरं म्हणजे फुल म्हणजे नक्की कुठपर्यंत ह्यावरच लोक चुकतात. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं, पेट्रोल वाहताना त्यातून हवा ओढली जाते, पातळी वर येऊन ते भोक बुडालं की हवा बंद होते आणि आतला पडदा ओढला जाऊन खटका पडतो. तो पहिला खटका म्हणजे फुल. त्यानंतर गोल आकडा करायचा म्हणून जे दोन-चार वेळा टिकटिक करून अजून ढोसलं जातं ते नको. टाकीतली वाफ बाहेर जाऊ नये म्हणून कोळशाचा एक कॅनिस्टर असतो, त्याच्यात वाफ जायची असते, पेट्रोल नाही, आणि तिथे पेट्रोल गेलं की तो भिजून खराब होतो आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. गोल आकड्यापायी वाचले किती, शून्य, आणि कॅनिस्टर काय स्वस्तात येत नाही. हिशोबाच्या दृष्टीनेही तेच, दर वेळी पहिल्या कटलाच थांबलो तरच दोन वेळांची तुलना होते.

कट सुद्धा नोझलप्रमाणे, गाडी जरा कलती उभी असेल त्याप्रमाणे मागेपुढे पडतो हे लक्षात असू द्या. समजा एका लिटरचा फरक पडला. ३५ लिटर भरले असतील तर तीन टक्क्यांची चूक, १० लिटरच भरले असतील तर दहा टक्क्यांची. म्हणून फुल करायचं पण दर तीन दिवसांनी १० लिटरने, ह्यालाही फार अर्थ नाही, आणि एका टाकीच्या आकड्यावर उड्या मारू नयेत, तीन-चारची सरासरी बघावी.

रिझर्व्हवर सतत चालवण्याबद्दल मेकॅनिक लोक अजून एक सांगतात, इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये पेट्रोलचा पंप टाकीतच बसवलेला असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो, पेट्रोल तळाला असलं की तो तापतो. सहा वर्षं मी तसंच चालवलं आणि माझा काही गेला नाही, त्यामुळे मी त्यावरून कुणाला घाबरवणार नाही, पण काटा वर असला की डोक्याला शांतता असते हे नक्की.

मग कुणी काय करावं? गाडी चार-आठ दिवसांत विकणार असाल, भाड्याची असेल आणि टाकी होती तेवढ्यावरच परत द्यायची असेल, किंवा ह्या महिन्यात खरंच हात आखडता आहे, तर खुशाल थोडं थोडं टाका, त्यात काही कमीपणा नाही आणि नुकसानही तसं फार नाही. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे आणि सर्व्हिसिंग वेळेवर होतं त्यांनाही कदाचित फरक पडणार नाही. पण गाडी जुनी होत चाललीय, रोज चालवताय आणि पेट्रोल लवकर संपतंय असं मनात येऊन गेलंय, तर निदान सलग चार वेळा फुल करून बघा आणि मग ठरवा. मी आता पाव टाकी उरली की जातो, पहिल्या खटक्याला थांबतो, पावतीवरचे लिटर मोबाईलमध्ये लिहितो. फक्त निघायच्या आधी ट्रिप मीटर झिरो करायचं लक्षात ठेवा, मी अजून दहातल्या दोन वेळा विसरतो आणि मग पुढची अख्खी टाकी मेहुण्यासारखीच बिनहिशोबाची जाते.