गेस्ट कर्नलचं पेज टेबल बिघडतंय : आधी डंप काढायचा की थेट जीडीबी लावायचा?

व्हर्च्युअल मशीनमधला लिनक्स (हा गेस्ट, खरं मशीन तो होस्ट) 'बॅड पेज मॅप' नाहीतर 'करप्टेड पेज टेबल' असा मेसेज टाकून पडतोय, आणि हाताशी ८ जीबीचा एकच लॅपटॉप किंवा कॉलेजच्या लॅबमधला डेस्कटॉप, जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच पोरांची हीच अवस्था असते. माझं मत ऐका भाऊ, आधी डंप (मेमरीची जशीच्या तशी प्रत) काढा, जीडीबी (चालू कर्नल थांबवून आत बघायचा डीबगर) नंतर.

यात खरा त्रास असा की चूक होते एकीकडे आणि कर्नल पडतो दुसरीकडे. कुठलातरी ड्रायव्हर पेज टेबलच्या (व्हर्च्युअल पत्त्यावरून खऱ्या मेमरीतलं पान शोधून देणाऱ्या तक्त्याच्या) पानावर भलतंच काही लिहून जातो, प्रोसेसर ती एन्ट्री वाचायला येईपर्यंत बराच वेळ गेलेला असतो, आणि ऊप्समध्ये (कर्नल पडताना छापतो त्या मेसेजमध्ये) ज्या फंक्शनचं नाव येतं त्याचा बऱ्याचदा काही संबंधच नसतो.

डंप काढणं सोपं आहे, क्यूइमूच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) मॉनिटरवरून किंवा व्हिर्श या कमांडने गेस्टची मेमरी फाईलमध्ये घ्यायची, क्रॅश या डंप वाचायच्या युटिलिटीत उघडायची आणि तिच्या व्हीटॉप कमांडला पत्ता द्यायचा, की वरपासून खालपर्यंत सगळ्या लेव्हलच्या एन्ट्री समोर येतात. आता बिघडलेल्या एन्ट्रीच्या आजूबाजूचं नीट वाचा. स्लबचं (कर्नलला छोट्या तुकड्यांत मेमरी वाटणाऱ्या स्लॅब व्यवस्थेचं) पॉयझनिंग, म्हणजे सोडलेल्या मेमरीत ठरावीक खूण भरणं, चालू असेल आणि ६बी ६बी ६बी अशी रांग दिसली, तर ते पान टेबल म्हणून वापरात असतानाच फ्री झालं आणि स्लॅबने उचललं असा दाट संशय घ्यायचा. बाईट उलटे वाचल्यावर एखादा फाईलचा पाथ निघाला तर कोणाचातरी बफर तिथं सांडलाय. आणि बाकी सगळं बरोबर, फक्त एकच बिट उलटा असेल तर कोड सोडा, होस्टच्या रॅमवर मेमटेस्ट चालवा, मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तर नक्कीच, कारण गरम रॅम जास्त चुकते आणि आपल्या साध्या लॅपटॉपला ईसीसी (रॅममधली चूक आपोआप सुधारणारी सोय) नसतं.

डंपमधून काय बिघडलं ते कळतं, कोणी बिघडवलं ते सहसा नाही. बूट करताना पेज ओनर चालू ठेवला असेल तर पान कोणी घेतलं त्याची नोंद राहते, तो चालू ठेवाच. दुसरं म्हणजे लाईट गेली तरी डंपची फाईल डिस्कवर राहते, डेस्कटॉपवर चालू असलेलं जीडीबीचं सेशन मात्र गेलंच.

जीडीबीची खरी ताकद वॉचपॉइंटमध्ये आहे, ठरलेल्या पत्त्यावर कोणी लिहिलं की तो तिथेच थांबवतो. एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या) प्रोसेसरला त्यासाठी ४ डीबग रजिस्टर, एकेकात जास्तीत जास्त ८ बाईट, आणि एक पेज टेबल एन्ट्री बरोबर ८ बाईटची, म्हणजे लिहिणारा रंगेहाथ सापडतो. पण एका पानात ५१२ एन्ट्री असतात, म्हणून हे केळीच्या अख्ख्या बागेत चार घडांपाशी राखण बसवण्यासारखं आहे, दरवेळी तीच एन्ट्री बिघडत असेल तरच उपयोग. केएएसएलआर (दर बूटला कर्नलचे पत्ते बदलणारी सोय) बंद करून पत्ता स्थिर होतो का ते आधी बघा. शिवाय वॉचपॉइंट व्हर्च्युअल पत्त्यावर लागतो, तेच पान दुसऱ्या मॅपिंगमधून लिहिलं किंवा डिव्हाइसने डीएमएने (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत) लिहिलं तर तो गप्पच राहतो.

पत्ता दरवेळी बदलत असेल तर केएसॅन (कर्नलमधला मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) लावा, तो मेमरीचा आठवा भाग खातो आणि गेस्ट बराच हळू होतो, पण २ जीबीच्या गेस्टला परवडतं. डीएमए मात्र त्यालाही दिसत नाही. लिनक्स ५.१७ पासून आलेला पेज टेबल चेक चांगला आहे, पण तो युजर मॅपिंग बसवताना तपासतो, टेबलवर भरकटून झालेलं लिखाण त्यात सापडेलच असं नाही.

क्यूइमू ५.२ पासून रेकॉर्ड करून उलटं चालवता येतं, एकाच कोअरवर येणाऱ्या बगला हे फार भारी, वॉचपॉइंट लावून मागे जा आणि लिहिणारा गाठा. पण ते केव्हीएमवर (गेस्टचा कोड थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवणाऱ्या पद्धतीवर) चालत नाही, टीसीजी (सगळं सॉफ्टवेअरमधून चालवणारी क्यूइमूची पद्धत) लागतो, आणि सगळे सीपीयू आळीपाळीने चालतात, मग दोन कोअरची रेस (एकाच वेळी एकाच जागी हात घालणं) असेल तर बग दिसेनासा होऊ शकतो.

आणि डंपमध्ये गेस्टची टेबलं एकदम ठीक दिसतायत, तरी भलताच डेटा येतोय? मग होस्टकडच्या दुसऱ्या लेव्हलच्या, म्हणजे गेस्टचे पत्ते होस्टच्या मेमरीला जोडणाऱ्या टेबलवर (इंटेलवर ईपीटी, एएमडीवर एनपीटी) संशय घ्या. इंटेलवर केव्हीएम मॉड्यूल ईपीटी बंद करून लोड करायचं, एएमडीवर एनपीटी, मशीन हळू होईल, पण तेव्हा बग गायब झाला तर पुढचा शोध गेस्टमध्ये नाही, होस्टच्या कर्नलमध्ये करायचा.