पुण्यात नवीन आहेस? पथक, एनएसएस की नाटक?

बाहेरगावाहून पुण्यात शिकायला आलेल्या अनेकांचं पहिलं सत्र वर्ग, मेस आणि खोली एवढ्यातच संपतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळे असतात, पण ताप आला तर गोळी कोण आणून देईल, याला उत्तर नसतं. मग कुणीतरी सीनियर सांगतो: ढोल-ताशा पथकात जा. दुसरा सांगतो, एनएसएसला, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव घाल. तिसरा थेट नाटकाच्या ग्रुपमध्येच ओढतो. तिन्ही सल्ले खरे आहेत, फक्त प्रत्येक जण स्वतःच्या स्वभावाला जमलेलं सांगत असतो.

निवडताना एक हिशोब उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्रीला लागणारे तास मांडले. नुसती ओळख जुजबी मैत्रीपर्यंत जायला साधारण ५०, खरी मैत्री व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. त्यातली मेख अशी की एका वर्गात बसून किंवा कामावर शेजारी राहून गेलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. उपयोगी पडतात ते एकत्र टिवल्याबावल्या करण्याचे. म्हणून कुठल्याही ग्रुपचं वेळापत्रक बघू नकोस. सराव संपल्यावर लोक तिथे रेंगाळतात का, ते बघ.

पथकात हे रेंगाळणं भरपूर. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी नदीपात्रात किंवा एखाद्या मैदानावर रोज संध्याकाळी सराव. वादन चालू असताना बोलायची सोयच नसते, आणि लाजाळू माणसाला हेच बरं पडतं. ओळखी होतात त्या आधी आणि नंतर: ढोलाच्या दोऱ्या ताणताना, ढोल टेम्पोत चढवताना, मग वडापावच्या गाडीवर. शिवाय पथकात फक्त कॉलेजची पोरं नसतात. नोकरी करणारे, बँकेतले, आयटीतले असे सगळे एका तालात उभे असतात. नव्या शहरात वयानं थोडं मोठं ओळखीचं माणूस असणं किती कामाचं, ते खोलीचं डिपॉझिट अडकल्यावर कळतं.

पण अडचणीही पथकातच जास्त. इंजिनिअरिंगचे प्रवेश लांबले की तू पुण्यात पोचेपर्यंत सराव अर्धा झालेला असतो आणि बरीच पथकं नवीन वादक घेणं थांबवतात. मुलींची संख्या चांगली असते, पण होस्टेलचं गेट कधी बंद होतं ते आधी विचार. कुर्ता, वर्गणी यांचे पैसे किती, तेही विचार. कानात बोळे घाल, कुणी हसलं तरी. आणि अनंत चतुर्दशीनंतर पथक एकदम पांगतं. तोवर दोन-चार जणांशी वेगळं जमलं नसेल, तर पुढची भेट थेट पुढच्या सणाला.

एनएसएस कागदावर सगळ्यात भक्कम. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत आणि सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह ही योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. हॉल यांचा आकडा सहज पार होतो. मात्र त्या १२० तासांतले किती तास फलक धरून रॅलीत आणि पाहुण्यांच्या भाषणात जातात, ते कुणाही स्वयंसेवकाला विचार. खरा माल शिबिरात. गावातल्या शाळेत ओळीनं सतरंज्या, सकाळी श्रमदान, गटागटानं स्वयंपाक, रात्री दिवे मालवल्यावरही संपत नाहीत अशा गप्पा. एका आठवड्यात जागेपणाचे शंभरएक तास होतात. कार्यक्रम अधिकारी, म्हणजे एनएसएस सांभाळणारे प्राध्यापक, स्वतःच गट पाडून देतात, त्यामुळे ‘मला तुमच्यात घ्याल का’ हे विचारावं लागत नाही. ज्यांना हा एक प्रश्न जड जातो, त्यांच्यासाठी मी डोळे झाकून एनएसएस सुचवतो. फक्त सीनियरांना विचारून घे: शिबिर खरंच मुक्कामी होतं ना? कार्यक्रम अधिकारी उत्साही नसतील तर सगळं फोटोपुरतं उरतं.

नाटकाची गोष्टच वेगळी. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, आणि भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’ची आरोळी एकदा ऐकली की पाय निघत नाही. तालमीत तास कसे जातात कळत नाही. एकांकिका उभी राहीपर्यंत २०० तासही होऊन जातात. भांडणं, रुसवे, पहाटेचा चहा सगळं त्यात आलं. पण इथे निवड असते, सीनियरांचा दरारा असतो, आणि हजेरीचा पार बोजवारा उडतो. एकदा टीम ठरली की दार बंद. त्यामुळे अभिनयाचा हट्ट नसेल तर बॅकस्टेजला शीर. नेपथ्य उचलणाऱ्याला, लाइट्स बघणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही. करंडकाचं फार मनावर घेऊ नकोस. २०२२ मध्ये परीक्षकांनी तो कुणालाच दिला नव्हता, म्हणून त्या मुलांच्या तालमी वाया गेल्या असं मला तरी वाटत नाही.

रविवारचा सिंहगड हा चौथा पर्याय, सगळ्यात स्वस्त. पैसे भरून जायच्या ट्रेकमध्ये दर वेळी नवे चेहरे असतात, म्हणून तेच चार जण घेऊन पायथ्याच्या आतकरवाडीतून चढत राहणं बरं. नोकरी करून शिकणाऱ्याला बहुधा एवढंच जमतं.

माझं मत विचारशील तर पहिल्या वर्षी एनएसएस, निदान शिबिरापर्यंत. पुढच्या वर्षी बोलघेवड्यानं नाटक घ्यावं, अबोल माणसानं पथक. तिन्ही एका सत्रात घेतलीस तर कुठेच रेंगाळता येणार नाही. आणि झोप-जेवण उडालं असेल, खोलीबाहेर पडणंच नको वाटत असेल, तर आधी कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर. ढोल नंतर वाजवता येईल.

निवडलेल्या ठिकाणी दोन-तीन आठवडे नेमानं जा, मग एक दिवस दांडी मार. दुसऱ्या दिवशी ‘काल कुठे होतास?’ किंवा ‘का नाही आलीस?’ असं कुणीतरी विचारलं तर तिथेच थांब. कुणीच विचारलं नाही तर आणखी एक महिना दे, मग बिनदिक्कत दुसरा ग्रुप बघ.